‘जीएच’ निरर्थक आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुद्दे तुम्ही रोखठोक मांडलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘जीएच’ला मी उगाच इतिहासाचा मुलामा देतोय. नाटककार बर्नार्ड शॉने ‘फिश’चं स्पेलिंग जी-एच-ओ-टी-आय असं करून (‘रफ’मधलं जीएच म्हणजे ‘फ’, ‘विमेन’मधला ओ म्हणजे ‘इ’, ‘नेशन’मधलं टी-आय म्हणजे ‘श’) या भाषेचं पितळ केव्हाच उघडं पाडलंय. देवनागरीत आपण बोलतो तसंच लिहितो, तेव्हा मुलांच्या माथी हे ओझं कशाला?

आधी शॉचं. ही कोटी १८५५ सालच्या एका पत्रात सापडते आणि शॉ जन्मला १८५६मध्ये. पण कोटी कोणाचीही असो, ती मुळात टिकत नाही. ‘रफ’मधलं जीएच ‘फ’ होतं ते शब्दाच्या शेवटी. सुरुवातीला आलं की इंग्रज त्याचा ‘ग’च करतो (आपण ‘घोस्ट’ म्हणतो, तो ‘गोस्ट’). ‘नेशन’मधल्या टी-आयचा ‘श’ होतो तोही पुढे स्वर असतो म्हणून. म्हणजे ते पाच अक्षरांचं स्पेलिंग कुठलाही इंग्रज ‘फिश’ असं वाचणार नाही. वाचेल ‘गोटी’.

आता ‘नाइट’, ‘लाइट’, ‘डॉटर’ यांतलं मुकं जीएच. ते कधीकाळी मुकं नव्हतं. जुन्या इंग्रजीत रात्रीला ‘निह्त’ म्हणत आणि त्यातला ‘ह’ घसा घासून, उर्दूतल्या ‘ख़बर’च्या ‘ख़’सारखा येई. १०६६नंतर इंग्लंडवर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांचं राज्य आलं, लेखनिकांच्या सवयी बदलल्या आणि पुढे या आवाजासाठी जीएच लिहिणं रूढ झालं. नंतर दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून आवाज गेला, अक्षरं राहिली. जर्मन माणूस आजही ‘नाख़्त’ म्हणतो, स्कॉटलंडच्या बोलीत ‘निख़्त’ ऐकू येतं. काही शब्दांत तो आवाज जाण्याऐवजी ‘फ’ झाला: लाफ, कफ, टफ, इनफ. कणकेच्या गोळ्याला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, पण उत्तरेकडच्या बोलीत त्याच शब्दाचं ‘डफ’ झालं आणि त्या नावाचं पुडिंग अजून खाल्लं जातं.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘डॉटर’. संस्कृत ‘दुहितृ’ आणि हा शब्द एकाच मुळातले, आणि त्यातलं जीएच म्हणजे आपल्या ‘दुहितृ’तल्या ‘ह’चं भावंड. ‘नाइट’चं नातं ‘नक्त’शी. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते नक्तव्रत, त्यातलं ‘नक्त’. उच्चारात हे नातं पुसलं गेलंय, स्पेलिंगमध्ये अजून दिसतं. ती दोन अक्षरं काढून टाकली तर ही खूणही जाईल.

तुमची बाजू जिथे खरी आहे तेही सांगतो. ‘डिलाइट’मधल्या जीएचला काहीही आधार नाही. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्यात हा आवाज कधीच नव्हता. सोळाव्या शतकात ‘लाइट’च्या देखादेखी तो घुसला. ‘घोस्ट’ही तसंच. विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला त्याआधी तो बरीच वर्षं ब्रूजला, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या फ्लेमिश मुलखात होता. तिकडच्या लेखनाची ही सवय इकडे आली. त्या काळी ‘गूस’ आणि ‘गोट’सुद्धा जीएचने छापलेले सापडतात. ते सुधारले, भूत तेवढं राहिलं.

देवनागरीचा अभिमान मलाही आहे. पण ‘जग’ हा शब्द मोठ्याने वाचा. दुनिया या अर्थी ‘ज’ वेगळा, आणि ‘सुखाने जग’ म्हणताना वेगळा. लिहितो मात्र एकच. ‘ऋषी’ लिहितो, म्हणतो ‘रुषी’. ‘ज्ञ’ हा ज आणि ञ यांचा जोड, आपण म्हणतो ‘द्न्य’. यातलं कुठलंही अक्षर मी टाकून देणार नाही, कारण तीसुद्धा जुना उच्चार सांभाळून आहेत.

राहिला मुलांचा प्रश्न, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. घोकंपट्टी मलाही नको. नाइट, लाइट, राइट, फाइट, साइट, टाइट, माइट ही सगळी एकत्र शिकवा, त्यात जीएच नेहमीच मुकं. ‘फ’वाले रोजचे शब्द मोजकेच, ते वेगळे द्या. ‘लाफ्टर’ आणि ‘डॉटर’ शेजारी लिहून दाखवा आणि पहिला शब्द ‘लाफ’पासून झालाय हे सांगा. ‘थ्रू’, ‘दो’, ‘थरो’ यांना मात्र खरंच वेळ लागतो. ते एकेक करून, वाक्यात वापरूनच बसतात.