‘ॲक्सेप्ट’ दाबलं म्हणून बँक खातं रिकामं होत नाही

कुकीजबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: वेबसाइट उघडल्यावर कुकीजची जी चौकट येते, तिथे ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की फोनमध्ये एक छुपा प्रोग्राम शिरतो. तो फोटो, कॉन्टॅक्ट आणि ओटीपी वाचतो, मग बँक खातं रिकामं होतं. विमानाची आणि रेल्वेची तिकिटं महाग दिसतात तीही कुकीजमुळेच. म्हणून नेहमी इनकॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) वापरा, रोज रात्री सगळ्या कुकीज पुसा. आणि ‘रिजेक्ट’ दाबून उपयोग नाही, कारण मग साइट चालतच नाही.

पाठवणारी माणसं काळजीपोटीच पाठवतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. हा मेसेज जिथे घाबरायला सांगतो तिथे धोका नाही, आणि खरा धोका जिथे आहे त्याचा त्यात उल्लेखही नाही. मला जास्त खटकतं ते हे दुसरं.

“कुकी हा छुपा प्रोग्राम आहे, तो फोटो, कॉन्टॅक्ट, ओटीपी वाचतो.”

कुकी हा प्रोग्रामच नाही. तो मजकुराचा छोटासा तुकडा असतो. वेबसाइटचा सर्व्हर तो ब्राउझरकडे देतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच साइटकडे काही मागताना सोबत परत पाठवतो. एका कुकीला साधारण ४०९६ बाइट एवढीच जागा मिळते, त्यात तुमचा एक फोटोही मावणार नाही. तिला स्वतःहून काही करता येत नाही, फोनमधलं काही उघडता येत नाही, एसएमएस तर नाहीच नाही.

ती लागते कशाला? वेब ज्या नियमांवर चालतं त्यांत मुळात आठवण ही गोष्टच नाही. तुम्ही एक पान मागितलंत, ते मिळालं, व्यवहार संपला. पुढचं पान मागणारे तुम्हीच, हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो. १९९४ साली नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी यावर तोडगा म्हणून कुकी आणली. ऑनलाइन दुकानातल्या ग्राहकाने टोपलीत काय टाकलंय ते लक्षात ठेवणं, ही त्यामागची एक मुख्य गरज होती. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला नंबराचा बिल्ला मिळतो, तसंच हे. बिल्ल्यावर फक्त नंबर असतो, चपला स्टँडवाल्याकडेच असतात. लॉगिनच्या कुकीतही बहुतेक वेळा असाच एक लांबलचक निरर्थक नंबर असतो आणि तुमची माहिती असते ती साइटच्या सर्व्हरवर. नेटबँकिंग थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं की ‘सेशन एक्स्पायर्ड’ येतं, म्हणजे बँकेने तो नंबर रद्द केलेला असतो.

“ॲक्सेप्ट दाबलं की बँक खातं रिकामं होतं.”

नाही होत. एका साइटची कुकी दुसऱ्या साइटला वाचता येत नाही. ब्राउझर ती फक्त ज्या साइटने दिली तिलाच परत देतो. बातम्यांच्या साइटवर तुम्ही ‘ॲक्सेप्ट’ दाबलंत म्हणून तिला तुमच्या बँकेची कुकी दिसणार नाही. त्या चौकटीत ओटीपी वाचण्याची परवानगी देण्याची सोयच नसते.

पण इथे थांबून चालणार नाही, कारण कुकी चोरीला जाऊ शकते आणि तिची चोरी गंभीर असते. ज्याच्या हाती बिल्ला त्याच्या हाती चपला. तुम्ही पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, त्यानंतर साइटने दिलेली लॉगिनची कुकी जर कुणी उचलली, तर बऱ्याच साइटवर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. ऑक्टोबर २०१०मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक छोटं साधन (एक्स्टेन्शन) जाहीर केलं होतं. कॅफेतल्या उघड्या वायफायवर बसून शेजारच्याचं फेसबुक खातं एका क्लिकमध्ये उघडता येतं, हे त्यांनी सगळ्यांना दाखवून दिलं. तेव्हा अनेक मोठ्या साइट फक्त लॉगिनचं पान एनक्रिप्ट करत (वाटेत कुणाला वाचता येऊ नये असं सांकेतिक करत) आणि पुढे कुकी उघड्यावर पाठवत. आज जवळजवळ सगळ्या मोठ्या साइट संपूर्ण एचटीटीपीएसवर, म्हणजे एनक्रिप्ट केलेल्या जोडणीवर, आहेत, त्यामुळे ती वाट बरीचशी बंद झाली आहे.

आता चोर वेगळ्या वाटेने येतो. मार्च २०२३मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे दीड कोटी सबस्क्रायबर असलेलं कॅनडातलं यूट्यूब चॅनल असंच हातचं गेलं होतं. जाहिरातीच्या प्रस्तावाची पीडीएफ वाटावी अशी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली, त्यातल्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणा उचलल्या आणि चॅनलवर क्रिप्टोच्या फसवणुकीचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. कुणीही कुठेही ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबलं नव्हतं. एक अनोळखी फाइल उघडली होती.

आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करणारी फाइल) आठवा. ती इन्स्टॉल करताना एसएमएसची परवानगी मागते, लोक देतात, आणि मग ओटीपी खरोखरच वाचले जातात. पोलिसांनी याबद्दल इशारे दिले आहेत. ज्या ग्रुपवर कुकीजची भीती घातली जाते, त्याच ग्रुपवर अशी पत्रिकाही येऊ शकते, आणि कुकीला घाबरलेला माणूस पत्रिका निर्धास्त उघडतो. मेसेजने केलेलं नुकसान हे. तेव्हा अनोळखी फाइल इन्स्टॉल करू नका, सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर काम झालं की नुसती खिडकी बंद न करता लॉगआउट करा, आणि संशय आला तर खात्याच्या सेटिंगमधून ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा. त्याने जुना नंबर सर्व्हरवरच मोडीत निघतो.

मेसेज ज्याबद्दल गप्प आहे, ते आता सांगतो.

तुम्ही एका बातमीच्या पानावर जाता. पान एक दिसतं, पण त्यातली जाहिरात, व्हिडिओ, ‘लाइक’चं बटण आणि न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र हे सगळं वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरून आलेलं असतं. त्यातली प्रत्येक कंपनी ब्राउझरला स्वतःची कुकी देऊ शकते. तुम्ही त्या कंपनीच्या साइटवर कधी गेलेलाच नसता, म्हणून हिला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. दुपारी तुम्ही मधुमेहाबद्दल वाचता, संध्याकाळी कर्जाचे व्याजदर पाहता, रात्री घटस्फोटाच्या वकिलाचा लेख उघडता. तिन्ही साइटवर त्याच जाहिरात कंपनीचा तुकडा असेल, तर तिन्ही वेळा तिच्याकडे तोच नंबर पोहोचतो आणि सोबत तुम्ही कोणत्या साइटवर होता तेही. इथे एका साइटची कुकी दुसरीने वाचलेली नाही. नियम पाळूनच सगळं झालेलं आहे. तरी एका अनोळखी कंपनीकडे तुमच्या दिवसाची यादी तयार झाली, जी कदाचित तुमच्या घरच्यांनाही माहीत नसेल.

हे आजचं नाही. जाहिरातींसाठी अशी माग काढणारी डबलक्लिक ही कंपनी १९९६पासून होती. २००८मध्ये गूगलने ती ३.१ अब्ज डॉलरला घेतल्याचा व्यवहार पूर्ण झाला. एवढा पैसा कुणी मजकुराच्या छोट्या तुकड्यांसाठी मोजत नाही, त्यांतून जुळणाऱ्या यादीसाठी मोजतं. “माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?” असं म्हणणाऱ्यांनी आपण आजारपणात, पैशाच्या अडचणीत रात्री काय काय शोधलं होतं ते एकदा आठवावं.

ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२०पासून थर्ड-पार्टी कुकीज पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९पासून माग काढणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांच्या कुकीज अडवायला सुरुवात केली आणि २०२२मध्ये प्रत्येक साइटसाठी कुकीजचा वेगळा कप्पा करून टाकला. क्रोमचं मात्र वेगळं झालं. दोन वर्षांत या कुकीज बंद करू, असं गूगलने जानेवारी २०२०मध्ये जाहीर केलं, मग तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४मध्ये तो बेत सोडला. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत अँड्रॉइड आणि क्रोमच असतं, म्हणजे हे काम आपल्यालाच करावं लागतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये थर्ड-पार्टी कुकीज असा पर्याय आहे, तिथे त्या ब्लॉक करा. मिनिटभराचं काम आहे. एखाद्या साइटचं लॉगिन त्यामुळे अडलंच, तर तेवढ्या साइटला सूट देता येते.

“कुकीजमुळे तिकीट महाग दिसतं.”

विमानाच्या एकाच वर्गातल्या जागा वेगवेगळ्या दराच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गट संपला की पुढचा दर दिसतो, तुम्ही दहाव्यांदा पाहत असा किंवा पहिल्यांदा. राजधानी, शताब्दी, दुरांतोला सप्टेंबर २०१६पासून फ्लेक्सी भाडं आहे. तिथे दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढतं, ठरावीक मर्यादेपर्यंत. रेल्वे तुमची कुकी बघत नाही, उरलेल्या जागा बघते. युरोपीय आयोगाने २०१८मध्ये विमान तिकिटं आणि हॉटेलांसह काही वस्तू-सेवांच्या ऑनलाइन किमती तपासल्या, तेव्हा माणूस बघून किंमत बदलण्याचा सातत्याने दिसणारा पुरावा मिळाला नाही. कुणाला आधी काय दाखवायचं, तो क्रम मात्र अनेक साइट बदलत होत्या. तेव्हा यादीतलं पहिलंच हॉटेल घेऊ नका, खाली उतरून बघा.

“इनकॉग्निटोमध्ये तुम्ही कुणालाच दिसत नाही.”

इनकॉग्निटो रिकाम्या कुकीजनिशी सुरू होतं आणि त्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की जमलेलं टाकून देतं. घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवर ते जरूर वापरा. पण साइटला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) दिसतो, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते साधारण कळतं, आणि आत जाऊन जीमेलला लॉगिन केलंत तर गूगलला तुम्ही कोण हे तुम्हीच सांगितलेलं असतं. याच गैरसमजावरून जून २०२०मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला भरला गेला. २०२४मध्ये तडजोड झाली आणि गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं, तसंच इनकॉग्निटो उघडताना दिसणारी सूचना अधिक स्पष्ट करायचं मान्य केलं.

“रोज रात्री कुकीज पुसा.”

पुसल्यात तर सगळीकडून लॉगआउट व्हाल आणि रोज सकाळी सगळे पासवर्ड टाकत बसाल. कंटाळून माणूस सोपे पासवर्ड ठेवू लागतो. दुसरं म्हणजे, तुम्ही काल ‘रिजेक्ट’ दाबलं होतं ही आठवणही साइट बहुधा कुकीतच ठेवते. ती पुसली की तीच चौकट पुन्हा समोर. आणि कुकीविनाही माग काढता येतो: स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती असे तपशील एकत्र केले की ब्राउझर ओळखू येतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ईएफएफ संस्थेने २०१०मध्ये केलेल्या पाहणीत ८३.६ टक्के ब्राउझर अशा खुणांवरून एकमेवाद्वितीय ठरले होते.

शिवाय आपला फोनवरचा बराचसा वेळ ब्राउझरमध्ये जातच नाही, ॲपमध्ये जातो. ॲप जाहिरातींसाठी कुकीऐवजी फोनचा जाहिरात-आयडी वापरतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती असं शोधलं की तो आयडी डिलीट करता येतो. आयफोनवर ‘ट्रॅक करू नका’ असं प्रत्येक ॲपला सांगता येतं. रोज कुकीज पुसण्यापेक्षा हे एकदा करणं कितीतरी उपयोगी.

“रिजेक्ट दाबलं तर साइट चालत नाही.”

लॉगिन, टोपली, भाषा यांसाठी लागणाऱ्या कुकीज ‘आवश्यक’ गटात असतात. युरोपातल्या नियमांनुसार त्यांना संमतीच लागत नाही, म्हणून ‘रिजेक्ट’ दाबूनही त्या राहतात. नाकारल्या जातात त्या मुख्यतः जाहिरातींच्या आणि मोजमापाच्या. साइट चालते. त्रास देते ती चौकट: ‘ॲक्सेप्ट ऑल’ ठळक रंगात, आणि नकार द्यायचा तर ‘मॅनेज’, मग आणखी एक पान, मग डझनभर खटके. ही रचना माणसाला दमवण्यासाठीच केलेली असते आणि तिला बेकायदा म्हणणारे निकालही आहेत. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या प्रकरणात सांगितलं. नाकारणं हे स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जानेवारी २०२२मध्ये जाहीर केला.

भारतात २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, असं कायदा म्हणतो. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला किंवा त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला तो मनाई करतो, काही मोजके अपवाद सोडून. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही दिला पाहिजे. त्या २२ भाषांत मराठी आहे, कोकणीही आहे. आज मराठी मजकुराच्या साइटवरही ही चौकट अनेकदा इंग्रजीतच दिसते. ती मराठीत द्या, असं त्या साइटना आत्तापासूनच लिहून कळवायला हरकत नाही. तक्रारीसाठीचा ईमेल पत्ता बहुतेक साइटच्या प्रायव्हसी पॉलिसीच्या पानावर सापडतो.