फाडलं नाही ओ, कापलंय

"फाडलं नाही ओ, कापलंय. पट्टी ठेवून. बघा की, किती सरळ आलंय."

इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चांगल्या पगारावरनं निवृत्त झालेला माणूस. माझ्या काउंटरवर कोपर टेकवून हे मला सांगतोय. आणि चेहऱ्यावर शरम वगैरे काही नाही, उलट मी त्या सरळ कापण्याचं कौतुक करीन म्हणून थांबलेला!

दिवाळी अंक होता. दिवाळी अंकाला आमच्याकडं, बेळगावच्या वाचनालयात, काय काय लागतं ते एकदा येऊन बघा. प्रत्येक अंकाला खाकी कव्हर, दाभणानं तीन भोकं, जाड दोऱ्यानं शिवण, आत शिक्का, बाहेर मार्करनं नंबर. स्टेपलवर सोडला तर तिसऱ्या घरातनं येईस्तोवर अंकाची मेथीची जुडी होते. हे सगळं करायला मी आणि एक शिपाई, तोही अर्धवेळ. अंगठ्याला दाभण लागलेलं अजून दुखतंय. 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढताना काशिनाथ रघुनाथ मित्रांना एवढंच डोक्यात असेल की लोक वाचतील. लोक ब्लेड घेऊन बसतील हे त्या भल्या माणसाला कुठनं सुचणार?

तर ह्या गृहस्थांनी कापलं वार्षिक राशिभविष्य. सगळं नाही, फक्त मेष. स्वतःची रास तेवढी काढून घेतली, बाकीच्या अकरा राशींना हात लावला नाही, हाही त्यांच्या मते सज्जनपणाच. पण मेष पडली पहिली, आणि तिच्या पाठीवर होता आधीच्या कथेचा शेवट. वृषभेचे असते तर भागलं असतं, तिच्यामागं अख्खं पान साड्यांची जाहिरात आहे.

पुढं तो अंक गेला शहापूरच्या एका आजींकडं. ऐंशी पार केलेल्या, हातात भिंग घेऊन वाचतात, दर दिवाळीला वर्गणी सगळ्यात आधी भरतात आणि यादीत नंबर लावून गप्प बसतात. अशी वाचक आता मिळत नाही. आजींनी ती लांबलचक कथा भिंगातनं दोन दुपारी वाचली. शेवटच्या पानावर बाई नवऱ्याच्या दारात उभी राहते आणि म्हणते, आणि पुढं चौकोनी भोक. भोकातनं मागच्या पानावरची पतसंस्थेची जाहिरात दिसते. म्हणजे ती बाई एवढी वर्षं माहेरी काढून दारात येते आणि म्हणते, ठेवींवर आकर्षक व्याजदर.

सुनेच्या स्कूटरवर बसून आजी आल्या. "बाळ, तू लायब्रीत असतोस ना, मग तूच सांग आता. ती परत गेली का नाही नवऱ्याकडं?" मला काय माहीत? मी कव्हरं घालतो! पण हे आजींना सांगता येत नाही, कारण गावभर समज असा की लायब्रीतला माणूस सगळं वाचून बसलेला असतो.

रजिस्टर काढलं. आजींच्या आधी कोण, ते सापडलं. फोन केला. आले. आणि हे ऐकवलं. फाडलं नाही, कापलंय.

मी म्हटलं, सर, तो तुकडा कुठंय? तर त्यांनी मागच्या खिशातनं पाकीट काढलं. पाकिटात आधार कार्ड, त्याच्यामागं पॅन कार्ड, त्याच्यामागं मेष रास. लॅमिनेशन करून! कडा गोल करून आणलेल्या. "खराब होऊ नये म्हणून," म्हणाले. वाचनालयाचं पान खराब होऊ नये म्हणून ह्यांनी ते कापून, वितळवून, प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवलं. माझ्या उभ्या नोकरीत आमच्या एकाही अंकाची एवढी काळजी कुणी घेतली नव्हती.

आणि मग वाद. वाद घालायला ह्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. "मी घरपट्टी भरतो. घरपट्टीवर 6 टक्के ग्रंथालयाचा सेस असतो. तुम्ही माझे पैसे कापता, मी एक पान कापलं तर काय झालं?" अहो सर, तो सेस कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्यानं जातो सरकारी ग्रंथालयांकडं. आम्ही वर्गणीवर आणि देणगीवर चालणारी माणसं. पलीकडं चंदगडात असतो तर महाराष्ट्राच्या कायद्यातनं अ, ब, क, ड पैकी दर्जाचं एखादं अक्षर तरी नावापुढं लागलं असतं आणि त्या अक्षरामागनं अनुदान आलं असतं. इकडं अक्षर नाही आणि सेसही नाही. इकडं फक्त तुम्ही.

हे शेवटचं वाक्य मी मनात म्हटलं. कारण आमच्या धंद्यात राग पण हळू आवाजात काढायचा असतो. डोक्यावर ‘शांतता राखा’ लिहिलेली पाटी, ती पण मीच रंगवून घेतलेली, आणि तिच्याखाली उभा राहून मी काय बोंबलणार? चिडलेला लायब्रीवाला लांबनं बघितला तर कुणाला तरी गुपित सांगत असल्यासारखा दिसतो. कोपऱ्यातली दोन माणसं खुर्ची सरकवून जवळ आली, काय सांगूलालाय म्हणून ऐकायला.

बरं, तुकडा घेतला तर म्हणतात, "मग मला वर्षभर कसं कळणार ओ?" झेरॉक्स काढा म्हटलं. "झेरॉक्सला पैसे पडतात." लॅमिनेशन काय फुकट करून दिलं होतं काय कुणी?

आजींना निरोप दिला. आल्या, लॅमिनेशन उजेडाकडं तिरकं धरलं, भिंग लावलं, शेवट वाचला. म्हणाल्या, "छे. काहीतरीच." आणि दुसरा अंक घेऊन गेल्या.

झालं, सुरू केलंच आहे तर सगळंच सांगतो. थुंकी लावून पान उलटणारे. ह्यांना मी माफ करणार नाही. अंगठा जिभेला, जीभ परत आत, अंगठा पानाला, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तो तपकिरी चंद्र. जून ते सप्टेंबर ह्या गावात पाऊस असा पडतो की कपाटातली पुस्तकं आपसूक फुगतात. बुरशी येते, कसर येते, डांबराच्या गोळ्या टाकून टाकून माझ्या डब्यातल्या भाकरीला वास यायला लागलाय. त्यात तुमची थुंकी कशाला? पुस्तकाला तहान लागलेली नसते.

सकाळचे पेपर. दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असतात. एक पेपर हातात, एक मांडीखाली, एक बगलेत. मांडीखालचा मागितला तर, "थांबा की, वाचूलालोय." मांडीनं? मधलं पान एकाकडं, क्रीडा दुसऱ्याकडं, निधनवार्तेच्या पानाला रांग. आणि शब्दकोडं पेनानं सोडवणारे महाभाग तर वेगळेच. अर्धं सोडवायचं, चुकीचं सोडवायचं आणि वर खाडाखोड.

पुस्तक हरवणारे. 1968 ची कादंबरी, आता कुठल्या दुकानात जन्मात मिळायची नाही, हरवली. हरवू दे, माणसाकडनं हरवतं. पण येऊन काउंटरवर दहाची नोट ठेवतात आणि म्हणतात, "छापील किंमत साडेसात आहे. अडीच रुपये परत द्या." मागं एकदा एकानं खरंच सुट्ट्यासाठी मला गल्लीत पाठवला.

देणगीवाले. वडील वारले की मुलांना वाचनालय आठवतं. "बाबांची पुस्तकं द्यायची आहेत, रिक्षा पाठवून द्या." रिक्षाचं भाडं आमच्या अंगावर. पोत्यात काय तर दहावीची गाइडं, जुन्या डायऱ्या, आयकराची माहिती देणारं एक पुस्तक ज्यातला आयकर कधीच बदलून गेला, आणि तळाला वाळवी. जिवंत. आणि मग महिनाभरानं फोन, बाबांच्या नावाचं कपाट कुठल्या भिंतीला लावताय?

मोजणीवाले पण आहेत. आठवड्यात एकजण येतो, मराठी पेपर किती आणि कन्नड किती मोजतो, मान हलवतो, जातो. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचा येतो, तेच पेपर उलटीकडनं मोजतो, मान हलवतो, जातो. 1 नोव्हेंबर, म्हणजे एका बाजूचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूचा काळा दिवस, जवळ आला की दोघंही लवकर येतात. वाचत दोघंही नाहीत. गेल्या वर्षी एकाला कपाटावरचे आकडे दिसले. मराठी साहित्य 891.46, कन्नड साहित्य 894.814. "हे असं वर खाली कुणी लावलं?" अहो, ड्यूई नावाच्या माणसानं ही पद्धत काढली, 1876 साली, अमेरिकेत. त्याला निपाणी ठाऊक नव्हती, कारवार ठाऊक नव्हतं. "त्याचा फोन नंबर आहे काय?"

परीक्षावाली पोरं मला खरं तर आवडतात. केपीएससी, पोलीस भरती, काही पलीकडं एमपीएससीला बसणारी, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या 865 गावांतला दाखला गोळा करत हिंडणारी. गरिबाची पोरं, अभ्यास करतात. पण बाबांनो, खुर्चीवर हेल्मेट ठेवून ‘जागा धरलीय’ म्हणून दोन तास चहाला जाऊ नका. हेल्मेट काही पास व्हायचं नाही. आणि प्लगमधनं पंख्याची वायर काढून मोबाइल लावणारा जो कोण आहेस, तू मला अजून सापडलेला नाहीस.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 ह्या महिन्यात का आले नाहीत, हे विचारायला बायका आमच्याकडं येतात. का, तर इथं टेबल आहे, रजिस्टर आहे आणि चष्मा लावलेला माणूस आहे, म्हणजे सरकारच. मी पण शहाणा, बसून त्यांचे फॉर्म वाचून देतो. आणि तेवढ्यात मागनं कुणीतरी टाकतोच, "तुमचं बरं आहे बाबा, दिवसभर बसून वाचायचं." अरे, मी शेवटचं पुस्तक पूर्ण कधी वाचलं ते मला आठवत नाही! वाचनालयात नोकरी लागली त्या दिवशी माझं वाचन सुटलं. ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथन साहेबांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यात चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाचं डोकं वाचवा असा एक सहावा लिहायचं राहून गेलं. त्यांच्या वाढदिवसाला, 12 ऑगस्टला, आम्हाला एकेक गुलाब देतात. काट्यांसकट.

घरी बायको म्हणते, तुम्ही आता माणसात राहिला नाहीत. खोटं नाही. केस कापायला जातो तिथं पेपरची पानं क्रमानं लावून देतो. लग्नाच्या पत्रिकेला कडेला भोकं पाडून फायलीत लावतो. पाहुण्यांच्या पोरानं अंगठा तोंडात घातला तरी माझा जीव वरखाली होतो, आता हा पान उलटणार. आणि कुणाच्याही घरी गेलो की हात आपोआप त्यांच्या शोकेसकडं जातो. पुस्तक काढायचं आणि एका ठरावीक पानावर उघडायचं. प्रत्येक वाचनालयाचं असं एक गुप्त पान असतं, जिथं पहिल्या पानाशिवाय आणखी एक शिक्का मारलेला असतो. पहिलं पान लोक फाडतात, हा दुसरा शिक्का त्यांच्या लक्षात येत नाही. आमचं कितवं ते मी सांगणार नाही.

परवा टिळकवाडीत एका सत्यनारायणाला गेलो होतो. दुसऱ्या गेटला मालगाडीनं अडकवलं, पोचेस्तोवर आरती संपलेली. हातात शिऱ्याचा द्रोण, समोर काचेचं शोकेस, त्यात बाहुल्या, पितळी हत्ती, आणि हत्तीच्या मागं एक ओळखीची पाठ. मळकट हिरवी बांधणी. ती आमच्याच शिपायाच्या आधीच्या शिपायानं केलेली, त्याची शिवण मी अंधारात ओळखीन. पहिलं पान नव्हतं. गुप्त पान उघडलं. शिक्का होता. आमचा, जांभळा, थोडा तिरका.

मी काही बोलणार तेवढ्यात यजमान जवळ आले. खूष झाले. "वाचायला पाहिजे काय? न्या की, न्या. पण आठ दिवसांत आणून द्या हं, लोक नेतात आणि परत देतच नाहीत." आणि आतनं वहीही मागवली, माझं नाव लिहून घ्यायला.