खुलासा : ‘गोळीने मळमळलं म्हणजे ती मानवत नाही’ हे चूक

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: चारचौघांत वावरण्याच्या भीतीवर, म्हणजे सोशल अँग्झायटीवर, दिलेल्या गोळीने मळमळलं, बेचैन वाटलं, तर ती मानवत नाही, त्याच दिवशी बंद करा.

तसं नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी पहिले एक-दोन आठवडे मळमळ, डोकेदुखी, झोपेचा घोळ, कधी वाढलेली बेचैनीही होते. बहुतेकांचा हा त्रास ओसरतो. गुण यायला मात्र ४ ते ६ आठवडे, कधी जास्तच लागतात. आधी त्रास, मग आराम, असा उलटा हिशोब! उपाशीपोटी गोळी घेऊन गर्दीची लोकल पकडलीत, तर अंधेरी येईपर्यंत पोटात ढवळायचंच. आधी अर्धी पोळी तरी खा. झोप उडत असेल तर गोळी सकाळी चालेल का, डोस हळू वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मनानेच अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड होऊ शकते.

मेसेजमधलं एक खरं: त्रास अंगावर काढू नका. पुरळ उठलं, कमालीची तगमग झाली किंवा जीव द्यायचे विचार आले (पंचविशीच्या आतल्यांनी जास्त जपावं), तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीतून बोलता येतं.