खुलासा : ‘कधीच चार्ज करावा न लागणारा’ डंपर

गोव्यातल्या सावर्डे-कुडचडे या खाणपट्ट्यातल्या ट्रकमालकांच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘विजेचा डंपर उतारावर आपोआप चार्ज होतो, खाणीवर इंधनाला एक पैसाही लागणार नाही.’

अर्धंच खरं आहे. स्वित्झर्लंडमधल्या चुनखडीच्या एका खाणीत असा डंपर खरोखर आहे. पण तिथे माल डोंगरावर आणि कारखाना पायथ्याशी. गाडी रिकामी चढते, 65 टन भरून उतरते. उतरताना चाकंच मोटर फिरवतात, मोटरचं जनित्र होतं आणि बॅटरी भरते.

आपल्याकडे नेमकं उलटं. गोव्यातल्या कित्येक खाणींचे खड्डे भूजलपातळीच्याही खाली गेलेत, म्हणजे टिपर भरून चढतो. हिशेब करा : 40 टनांची भरलेली गाडी 100 मीटर वर चढवायला, घर्षण सोडूनही, साधारण 11 युनिट. तीच 15 टनांची रिकामी खाली आली, तर एक कणही वाया न जाता 4 युनिट परत. उरलेले 7 प्लगमधूनच यायचे!

आणि हो, मागच्या चाकांत मोटर दिसली म्हणून डंपर बॅटरीवर चालतो असं नाही. अशा बहुतेक अजस्र डंपरांत डिझेल इंजिनच जनित्र फिरवतं. उतारावर तयार झालेली वीज रोधकांच्या (विजेची उष्णता करणाऱ्या तारांच्या) जाळीत उष्णता होऊन हवेत जाते.