थँक्सगिव्हिंगनंतर ब्लॅकटेल ‘गायब’ होतो म्हणे!

अमेरिकेच्या वायव्येकडच्या ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या आपल्या मंडळींत शिकारीचा नाद असलेले थोडेच. पण जे आहेत त्यांच्या फोनवर नोव्हेंबर सरता सरता एक मजकूर हमखास येऊन पडतो. ब्लॅकटेल हरणाचा माज (विणीचा काळ) संपला की मोठे नर पूर्ण निशाचर होतात, पावसात हरीण जागचं हलत नाही, बर्फ पडला की सगळे नर दरीत उतरतात, डिसेंबरात ‘दुसरा माज’ येतो तेव्हा शिंगं जोरात वाजवा, आणि काहीच जमलं नाही तर लॉगिंगच्या (लाकूडतोडीच्या) रस्त्यांवरून गाडी फिरवत राहा. शेपटाला आणखी एक सल्ला: केस झडलेलं हरीण पडलं तर मटण फेकून द्या.

नवख्याने हे वाचलं तर तो एकतर धनुष्य गुंडाळून ठेवेल, नाहीतर चुकीच्या जागी चुकीच्या वेळी बसेल. धनुष्यच म्हणतोय, कारण पश्चिम ओरेगनमधला रायफलचा सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आटोपतो. त्यानंतर बऱ्याच भागांत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिरंदाजीच उरते. पश्चिम वॉशिंग्टनमध्ये नोव्हेंबरच्या मध्याला ठराविक भागांत रायफलचे चार दिवस मिळतात, मग तिरंदाज आणि ठासणीच्या बंदुकीवाले. तारखा आणि भाग दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका आधी चाळा.

आता निशाचर होण्याबद्दल. ‘माझ्या ट्रेल कॅमेऱ्यात (झाडाला बांधायचा, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) सगळे फोटो रात्रीचेच’ हा यावरचा पेटंट पुरावा. पण कॅमेरा आपण बांधतो कुठे? मोकळ्या वाटेवर, रस्त्यालगत, चढायला सोप्या दांडावर. तिथे नर रात्रीच येणार. दिवसा तो जिथे असतो त्या जाळीत कॅमेरा नसतो, इतकंच त्यातून सिद्ध होतं. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. पोट भरायचं, बसून रवंथ करायचं, पुन्हा उठून खायचं, हे चक्र चोवीस तास चालू राहतं. डिसेंबरच्या सुरुवातीला पोर्टलंडकडे सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम नऊ तासांचा, पण त्यातही नर काही वेळा उठतोच. लांब जात नाही, बसल्या जागेपासून हाकेच्या अंतरात चार पानं ओरबाडतो आणि पुन्हा बसतो. त्यात माजाच्या दिवसांत त्याने खाणं जवळपास टाकलेलं असतं, अंगावरची चरबी माद्यांमागे धावण्यात गेलेली असते आणि पुढे अख्खा हिवाळा उभा असतो.

यावरून बसायची वेळ ठरते. आपले बहुतेक गडी दहाला ट्रकपाशी परततात, कॉफी पितात आणि तीनला पुन्हा निघतात. माझं मत स्पष्ट आहे: या हंगामात दहा ते दोन हीच वेळ सोडू नका. दाट झाडी आणि चाऱ्याची जागा जिथे एकमेकींना भिडतात तिथे, वारा तोंडावर घेऊन बसा. अख्खं हरीण शोधू नका, ते दिसत नाही. उभ्या बुंध्यांच्या गर्दीत आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. पाऊस थांबल्यावर फांदी हलली तर वारा समजून सोडून देऊ नका, हरीण कान झटकून पाणी उडवतं. हिवाळ्यात त्याची कातडी करडी-तपकिरी होते आणि भिजली की बुंध्याच्याच रंगाची दिसते, त्यामुळे बरेचदा गळ्याखालचा पांढरा डागच आधी डोळ्यात भरतो.

चाऱ्याच्या जागा ओळखणं हा खरा अभ्यास, आणि नेमका तोच त्या मजकुरात नाही. गवत या दिवसांत निकामी झालेलं असतं. उरतात हिवाळ्यातही हिरवी राहणारी जमिनीलगतची रानटी ब्लॅकबेरी, सलालची झुडपं, सीडरचे शेंडे, आणि ओक असतील तिथे उरलीसुरली फळं. यापेक्षाही कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे दगडफूल. जुन्या डग्लस फरच्या फांद्यांवर ते दाढीसारखं लोंबतं आणि वादळ झालं की फांद्यांसकट खाली येतं. ब्लॅकटेलला हिवाळ्यात हे आयतं ताट असतं. (आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही याच कुळातलं. हरणाची चव वाईट नाही!) म्हणून रात्रभर वारा सुटला असेल तर सकाळी जुन्या झाडीच्या कडेला पडलेल्या फांद्या बघा. राखाडी-हिरवे झुपके खुडलेले आणि चिखलात ताजे खूर उमटलेले दिसले, तर त्या दिवसापुरती बैठक तिथेच मारा.

‘क्लिअरकटवर (सगळी झाडं तोडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर) नजर ठेवा’ असं जुने शिकारी सांगतात तेही हल्ली जपून घ्यावं. तोड झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं तिथे चारा उसळतो, पण नवी झाडं वाढून सावली दाटली की खालचं सगळं मरतं. 1994 च्या नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅननंतर सरकारी जंगलातली तोड खूप घटली. खासगी कंपन्यांच्या जमिनीवर ती होते, पण तिथे बरेचदा तणनाशक मारतात आणि आत जायला परवाना विकत घ्यावा लागतो. तेव्हा विरळणी केलेले पट्टे, विजेच्या तारांखालची साफ जागा, ओढ्याकाठची आल्डरची रानं यांकडेही बघा.

पावसाचं म्हणाल तर कॅस्केड्स डोंगररांगेच्या पश्चिमेला पावसात न हलणारं हरीण उपाशी मरेल. धो धो कोसळत असताना ते दाट फरखाली उभं राहतं हे खरं, पण सर ओसरली की बाहेर पडतंच. रिमझिमीत तर तुमचंच फावतं: पालापाचोळा भिजून पायाखाली वाजत नाही. पावसाचा खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल तो मजकूर चकार शब्द काढत नाही. बाण लागलेलं जनावर लगेच पडत नाही, त्याला बसायला वेळ द्यावा लागतो आणि तेवढ्यात पाऊस रक्ताचा माग धुऊन टाकतो. मग फर्नच्या पानांची खालची बाजू उलटून, खोडांना कमरेच्या उंचीवर पुसलेलं रक्त शोधत, खुरांच्या मागावर जायचं. म्हणून जोराच्या सरीत बाण सोडूच नये, आणि एरवीही अंतर नेहमीपेक्षा कमी ठेवावं. जखमी हरीण अंधारात हरवण्यापेक्षा रिकाम्या हाती परतलेलं बरं.

बर्फाचा मुद्दा अर्धा खरा आहे. कॅस्केड्सच्या उंच उतारांवरची बरीच हरणं बर्फाबरोबर खाली सरकतात. पण कोस्ट रेंज या किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेतली हरणं बारमाही तिथलीच, त्यांचा वावरही लहानशा टापूत असतो. ऑक्टोबरात जो नर तुम्ही एका घळीपाशी पाहिला, तो मारला गेला नसेल तर डिसेंबरातही बहुधा तिथेच आसपास आहे. त्याच्या शोधात दरी पालथी घालण्यात अर्थ नाही.

आणि तो दुसरा माज? ब्लॅकटेलचा माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरात असतो. ज्या माद्या गाभण राहिल्या नाहीत त्या साधारण तीन-चार आठवड्यांनी पुन्हा माजावर येतात. पण अशा माद्या थोड्या. त्यामुळे माद्यांचा कळप दिसला तर त्यावर नजर जरूर ठेवा, मागून एखादा नर येईलही. शिंगांचा खडखडाट मात्र आवरा. महिनाभर झुंजून थकलेला नर पुन्हा भांडायला धावत येईल ही आशा जरा जास्तच आहे. हलकासा आवाज करून बघायला हरकत नाही.

गाडी फिरवण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. गाडीत बसून किंवा सार्वजनिक रस्त्याच्या आरपार शस्त्र चालवणं बेकायदा आहे, आणि हंगामभर इंजिनांचा आवाज ऐकलेला नर रस्त्याच्या आवाजाला तुमच्याआधी ओळखतो. बंद फाटकापाशी गाडी लावून आत चालत जा.

राहता राहिलं केस झडलेलं हरीण. हा प्रकार बाहेरून आलेल्या एका उवेमुळे होतो. 1990 च्या दशकात तो पश्चिम वॉशिंग्टनमध्ये नजरेस आला. उवेने बेजार झालेलं हरीण सारखं अंग चाटतं, चावतं आणि केस जातात. हा प्रकार बहुतेक करून पाडसं आणि माद्यांत दिसतो, तोही हिवाळा सरताना जास्त. ऊ कातडीवर राहते, मटणात उतरत नाही, तेव्हा एरवी धडधाकट असलेल्या हरणाचं मटण फेकायचं कारण नाही. जनावर अगदीच खंगलेलं दिसलं तर मात्र बाण सोडू नका, जागा टिपून ठेवा आणि राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा.