पार्श्वसंगीताचा जाच आणि माझी चित्रपटांची आवड

तुम्हाला जुने चित्रपट आवडतात की नवे, असे कोणी विचारले की मला सरळ उत्तर देता येत नाही, कारण माझी आवडनिवड सालावरून ठरतच नाही. कृष्णधवल चित्रपट मी खूप पाहते, त्यामुळे माझी गणना परस्पर जुन्यांच्या बाजूला होते. प्रत्यक्षात माझा निकष निराळा आहे आणि तो ऐकून बहुतेकांना मी विक्षिप्त वाटते. ज्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत आता रडा, आता घाबरा, आता भारावून जा अशा सूचना मला सतत देत राहते, तो सत्तर वर्षांपूर्वीचा असो की गेल्याच महिन्यातला, अर्ध्या तासात माझ्या मनातून उतरतो. जो चित्रपट दृश्य समोर ठेवून गप्प बसतो, त्याच्याकडे मी पुन्हापुन्हा जाते.

या आवडीचे मूळ 'कुंकू'मध्ये आहे, असे मला वाटते. प्रभातचा हा १९३७ सालचा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच तयार होत नाही, एवढीच कथा. अशा कथेला सनई-सारंगीचे हुंदके लावण्याचा मोह कोणालाही झाला असता. शांतारामांनी मात्र पार्श्वसंगीत जवळजवळ वगळले. जे काही ऐकू येते ते त्या घरातले किंवा घराबाहेरचे असते. संगीत ऐकू आलेच तर त्याचा उगम कथेतच सापडतो. त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक हळूहळू इतकी मोठी होत जाते की त्या म्हाताऱ्या नवऱ्याचे, काकासाहेबांचे, वय आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. काकासाहेब झालेल्या केशवराव दाते यांचा चेहरा दुखावलेला, ओशाळलेला आणि तरीही हक्क गाजवू पाहणारा असा एकाच वेळी दिसतो. त्या चेहऱ्याखाली एखादी करुण सुरावट वाजली असती, तर या तिन्हींपैकी एकच भाव शिल्लक राहिला असता आणि बाकीचे दोन सुरांत बुडून गेले असते. माझा पार्श्वसंगीतावर मुख्य राग आहे तो याच कारणाने. ते एका भावाच्या बाजूने कौल देऊन टाकते आणि चेहऱ्यात जे अनिश्चित असते ते पाहण्याची गरजच संपवते.

बोलपटाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत संगीत मुळातच कमी असे, हे खरे. वेगवेगळे ध्वनी नंतर एकत्र मिसळण्याचे तंत्र तेव्हा कच्चे होते, त्यामुळे संवादांखाली वाद्यवृंद हवा असेल तर तो चित्रीकरणाच्या वेळीच वाजवावा लागे. शिवाय पडद्यावर वादक दिसत नसताना संगीत येते कुठून, असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल अशीही भीती होती. १९३३ च्या 'किंग काँग'साठी मॅक्स स्टायनर यांनी चित्रपटभर वाद्यवृंद वापरला, तो लोकांना भावला आणि मग हा प्रघातच पडून गेला. हिचकॉकच्या 'लाइफबोट'बद्दल (१९४४) एक किस्सा प्रसिद्ध आहे. भर समुद्रात वाद्यवृंद कुठून येणार, असा प्रश्न दिग्दर्शकाने काढल्याचे कळताच एका संगीतकाराने उलट विचारले, की मग तिथे कॅमेरा कुठून आला तेवढे सांगा. उत्तर हजरजबाबी आहे, मला हसूही येते. पण पटत नाही. कॅमेऱ्याशिवाय चित्रपट होणार नाही, संगीताशिवाय होऊ शकतो. आणि गंमत म्हणजे 'लाइफबोट'मध्ये सुरुवात आणि शेवट सोडला तर पार्श्वसंगीत नाहीच.

'कुंकू' हा मात्र अपवाद होता, हे मला मान्य आहे. जुन्या चित्रपटांवर प्रेम करणारे लोक ज्याविषयी बोलणे टाळतात ते असे, की त्या काळातले कितीतरी चित्रपट संगीताच्या बाबतीत अगदीच बेताल आहेत. पत्र हातातून पडते आणि व्हायोलिने कोसळतात. खलनायक दारात दिसतो आणि पितळी वाद्ये खेकसतात. सासू काही बोलण्याआधीच ती वाईट आहे हे ढोलाने सांगून टाकलेले असते. असे चित्रपट केवळ कृष्णधवल आहेत म्हणून मी गोड मानून घेत नाही. (गाणी या तक्रारीत धरलेली नाहीत. गाणे उघडपणे पुढे येऊन उभे राहते, माझ्याशी बोलते आणि निघून जाते. जे मागे लपून माझ्या मनाची सूत्रे हलवू पाहते त्याच्याशी माझे भांडण आहे.)

नव्या चित्रपटांचा दोष वेगळ्या जातीचा आहे. तिथे खेकसणे कमी झाले आहे, पण संगीत थांबतच नाही. खालच्या पट्टीतली एक गुरगुर सुरू होते आणि दोन तास चालते. पात्र जिना चढत असले तरी गुरगुर, फोन उचलत असले तरी गुरगुर. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. संकलन चालू असताना दृश्याला लय मिळावी म्हणून दुसऱ्याच चित्रपटांचे संगीत तात्पुरते लावून ठेवण्याची पद्धत आहे. दिग्दर्शक आणि संकलक अनेक आठवडे ते ऐकतात, त्यांच्या कानांना त्याची सवय होते आणि मग संगीतकाराला सांगितले जाते की अगदी असेच काहीतरी हवे. नवे संगीत जुन्याची सावली होते, तेच पुढच्या चित्रपटाच्या संकलनात तात्पुरते म्हणून लागते आणि अशा रीतीने शेवटी सगळ्या थरारपटांना एकच आवाज येतो. डोळे मिटून ऐकले तर कोणता चित्रपट चालू आहे हे मला तरी सांगता येत नाही.

माझा भाचा नवे चित्रपट हिरिरीने पाहतो आणि त्याचे म्हणणे असे की, "मावशी, संगीत काढून टाकले तर कंटाळा येईल, लोक लगेच फोन बघायला लागतील." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. घरी पाहताना लक्ष विचलित होते आणि कानाला धरून ठेवणारे काहीतरी सतत चालू असले की माणूस निदान खोलीत तरी राहतो. पण संगीत नसल्यावर कंटाळाच येतो, हे मात्र मला कबूल नाही, आणि त्यासाठी मी त्याला 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) दाखवला. त्यात पार्श्वसंगीत इतके थोडे आहे की अनेकांना ते आहे हेच जाणवत नाही. पेट्रोल पंपावरच्या दुकानात मारेकरी शिगर म्हाताऱ्या दुकानदाराला नाणेफेकीत छापा की काटा ते सांगायला लावतो. बोलता बोलता तो हातातला खाऊचा कागद चुरगाळून काउंटरवर ठेवतो आणि तो कागद चुरचुरत हळूहळू उलगडू लागतो. कॅमेरा त्याच्याकडे पाहत राहतो. एवढ्या आवाजात जी भीती आहे ती चाळीस वादकांना आणता आली नसती. भाच्याने त्या दृश्यात फोन हातात घेतला नाही, इतके नोंदवून ठेवते. बाकी चित्रपट त्याला 'स्लो' वाटला.

अशाच छोट्या आवाजांवर उभा राहिलेला आणखी एक चित्रपट म्हणजे रोबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६). जर्मनव्याप्त फ्रान्समधला एक कैदी कोठडीच्या लाकडी दारातून पळून जाण्याची वाट काढतो. त्याच्याकडे हत्यार म्हणून एक चमचा आहे. तो जमिनीवर घासून त्याला धार काढायची, दाराच्या फळ्यांमधला सांधा थोडा थोडा खरवडायचा, पडलेला भुसा गोळा करायचा आणि पहारेकऱ्याची चाहूल लागली की थांबायचे. बाहेरचे जग आपल्याला बहुतेक ऐकूच येते, दिसत नाही: किल्ल्या, बूट, दूरची आगगाडी. मोत्सार्टचे संगीत मोजक्या ठिकाणी येते, तेही तणाव वाढवण्यासाठी अजिबात नव्हे. कैदी सुटणार हे चित्रपटाच्या नावातच सांगून टाकलेले असूनही श्वास रोखून पाहावे लागते, कारण त्या खरवडण्याच्या आवाजाकडे पहारेकऱ्याइतकेच आपलेही कान लागलेले असतात.

संगीताची कामगिरी दुसऱ्या साधनाने पार पाडणारे दिग्दर्शक मला विशेष आवडतात. सिडनी ल्युमेटच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये (१९५७) बारा ज्युरर (खटल्याचा निकाल ठरवायला बोलावलेले सामान्य नागरिक) एका खोलीत बसून वाद घालतात. ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मग तो खाली आणत नेला आणि त्याबरोबर अधिकाधिक लांब पल्ल्याच्या लेन्स वापरल्या. त्यामुळे भिंती माणसांच्या जवळ येऊ लागतात, शेवटी शेवटी छतही दिसू लागते आणि खोली कोंदट होते. पहिल्यांदा पाहताना हे लक्षातही येत नाही, फक्त गुदमरल्यासारखे होते.

मराठीतल्या अलीकडच्या दोन चित्रपटांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्या आणि त्याच्या घरचे डुक्कर पकडायला धावत असताना शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुकराला अर्थातच राष्ट्रगीताचे बंधन नाही. इथे संगीत आहे, पण ते कथेच्या जगातून आलेले आहे, पात्रांनाही ऐकू येते आहे आणि त्यांना बांधून ठेवते आहे. वरून दुसरी एखादी सुरावट पसरली असती, तर त्या प्रसंगातला उपरोध तिथेच संपला असता. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर असतो, खटला कंटाळवाण्या सुरात वाचून दाखवला जातो आणि आपण कोणाची बाजू घ्यावी याबद्दल एकही सूर मदतीला येत नाही. सुट्टीसाठी न्यायालय बंद होताना एकेक दिवा मालवला जातो आणि अंधार झालेला पडदा आपल्यासमोर बराच वेळ तसाच ठेवला जातो. तिथे चित्रपट संपला असे समजून उठणारे लोक मी पाहिले आहेत. पुढचा भाग त्यांच्या हातून निसटला याचे मला थोडे वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडी गंमतही वाटली.

आता माझ्या विरोधात जाणारी उदाहरणे. 'सायको'मधले (१९६०) न्हाणीघरातले दृश्य संगीताशिवाय ठेवायचे असे हिचकॉकच्या मनात होते. बर्नार्ड हर्मनने केवळ तंतुवाद्यांचे ते किंचाळणारे तुकडे रचून ऐकवले आणि हिचकॉकने आपला विचार बदलला. हर्मनचेच खरे होते, यात मला शंका नाही. 'पथेर पांचाली' (१९५५) तर याही पुढे जातो. हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो, आणलेल्या वस्तू दाखवू लागतो, मुलगी दुर्गा हिच्यासाठी आणलेली साडी पत्नी सर्वजयेच्या हातात देतो. मुलगी गेली हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया कोसळते, पण तिचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा (हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य) उंच, चिरत जाणारा स्वर येतो. संगीत रविशंकरांचे. हा स्वर आपल्याला रडायला सांगत नाही, तो तिचा आवाजच होऊन येतो. दृश्याला वरून लावलेले संगीत आणि दृश्यातल्या एखाद्या गोष्टीची जागा घेणारे संगीत, यांतला फरक मला याहून नेमका कुठे दिसलेला नाही. म्हणून संगीतच नको असा माझा हट्ट नाही; वाजायचे असेल तर त्याने तेवढे मोठे काम करावे, इतकीच अपेक्षा आहे.

घरी पाहण्याच्या काही अडचणी आहेत, त्या थोडक्यात सांगते. नव्या चित्रपटांचे ध्वनिमिश्रण मोठ्या चित्रपटगृहातल्या अनेक ध्वनिक्षेपकांसाठी केलेले असते. तेच टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरमधून ऐकले की संवाद दबतात आणि संगीत अंगावर येते, म्हणून मी सबटायटल्स लावते. जुन्या चित्रपटांत ध्वनीचा एकच मार्ग असे, त्यामुळे संवाद त्या मानाने नीट कळतात. मात्र खरखर काढून टाकण्याच्या नादात काही प्रतींतले आवाज इतके घासूनपुसून साफ केलेले असतात की माणसे डब्यातून बोलत आहेत असे वाटते. अशा प्रतीपेक्षा खरखर असलेली प्रत मला बरी वाटते.

राहता राहिले मूकपट, आणि तिथे माझा निकष अडचणीत येतो. ते सहसा शांततेत दाखवले जात नसत. चित्रपटगृहात बहुधा पियानोवाला किंवा वाद्यवृंद असे. आज ज्या प्रती मिळतात त्यांवर नंतरच्या संगीतकारांनी आपापली रचना जोडलेली असते, त्यामुळे एकाच मूकपटाच्या दोन प्रती दोन वेगळ्या चित्रपटांसारख्या वाटू शकतात. कार्ल ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) मी आवाज पूर्ण बंद करून पाहते. मूळ स्वरूपातली प्रत हरवली आहे असे मानले जात असताना १९८१ साली ती ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली. त्यात जवळजवळ सगळे चेहरेच आहेत आणि जोन झालेल्या फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्याखाली मला कोणाचाही सूर नको असतो. बस्टर कीटनच्या 'द जनरल'वर (१९२६) मात्र हाच प्रयोग केला तेव्हा तो साफ फसला. आगगाडी धावते, तोफ वळते, कीटन निर्विकार चेहऱ्याने सगळे निस्तरत राहतो आणि शांततेत त्यातल्या निम्म्या विनोदांची वेळ चुकल्यासारखी वाटते. तिथे मी मुकाट्याने पियानो पुन्हा सुरू केला.