रिव्हेराचे आकडे नुसत्या शेवटच्या इनिंगची कमाई नव्हे

बेसबॉलची चर्चा निघाली की एक दावा हमखास फिरतो. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा हा उगाच डोक्यावर घेतलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. यायचा शेवटच्या एका इनिंगपुरता, तेही संघ पुढे असताना. स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणून तर नापासच झाला. आणि त्याचा 2.21 ईआरए लीगच्या सरासरीशी ताडून पाहणं हीच मुळात लबाडी. (क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून पिचर दर नऊ इनिंगमागे किती धावा देतो, तो ईआरए.)

सेव्हचा, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याबद्दल पिचरच्या नावावर लागणाऱ्या नोंदीचा, मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो खराच आहे. तीन धावांची आघाडी हातात असताना शेवटची इनिंग सांभाळली तरी सेव्ह मिळतो. तेव्हा 652 सेव्हचा विक्रम खुशाल बाजूला ठेवा.

सरासरीचं मात्र नीट पाहायला हवं. ‘ईआरए प्लस’ हे माप पिचरला त्या त्या हंगामातल्या लीगच्या सरासरीशी तोलतं, मैदानामैदानातला फरकही धरतं. 100 म्हणजे सरासरी, त्याहून जास्त तितकं चांगलं. रिव्हेराचा आकडा 205. म्हणजे त्याने टाकलेल्या 1,283 इनिंगमध्ये सरासरी पिचरने साधारण 645 धावा दिल्या असत्या, त्याने दिल्या सुमारे 315. यावर आक्षेप असा की या सरासरीत स्टार्टरही आहेत, आणि मधूनच बदली येणाऱ्या रिलीफ पिचरला थोडाच वेळ जीव तोडून टाकायचं असतं, तेच बॅटर त्याच्यासमोर पुन्हा क्वचितच येतात. बरोबर आहे. मग सरासरीतून दर नऊ इनिंगमागे अर्धी धाव कापू. माझ्या मते ही सवलत सढळच आहे. 645 चे सुमारे 570 होतात. तरीही अडीचशेवर धावांचं अंतर उरतंच.

शिवाय हे सगळं भूमिकेचंच देणं असतं, तर इतर क्लोजरनाही (सामना संपवायला येणाऱ्या रिलीफ पिचरनाही) ते मिळालं असतं. 601 सेव्ह घेणारा ट्रेव्हर हॉफमन ईआरए प्लसमध्ये 141 वर थांबतो. बिली वॅगनर 187 पर्यंत पोचतो, पण 903 इनिंगमध्ये. रिव्हेराचा ईआरए 11 हंगामांत 2 च्या खाली राहिला. त्यातला शेवटचा हंगाम 2011 चा, तेव्हा तो 41 वर्षांचा होता. बॅटरना कटर, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित बाजूला वळणारा त्याचा वेगवान चेंडू, येणार हे ठाऊक असायचं, तरी हे!

‘एकच इनिंग’वाल्यांनी पोस्टसीझनचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचे, आकडे तर जरूर उघडावेत. तिथे समोर निवडक तगडे संघ असतात, आणि तिथेच त्याला जास्त राबवलं गेलं: 96 सामन्यांत 141 इनिंग, म्हणजे सामन्यामागे जवळपास दीड. ईआरए 0.70. होम रन दोनच, एक 1997 मध्ये सँडी अलोमारचा, दुसरा 2000 मध्ये जे पेटनचा. 2003 मध्ये बॉस्टनविरुद्धच्या मालिकेतल्या निर्णायक सातव्या सामन्यात तो बरोबरी असताना आला आणि नववी, दहावी, अकरावी अशा तीन इनिंग एकही धाव न देता टाकल्या. मग यांकीजच्या ॲरन बूनच्या होम रनने सामना संपला. तिथे राखायला आघाडी नव्हतीच. 2001 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना त्याच्याच हातून निसटला, हेही खरं. ते त्या 0.70 मध्ये धरलेलंच आहे.

राहिला स्टार्टर म्हणून नापास असल्याचा शेरा. 1995 मध्ये पदार्पणाच्या हंगामात त्याने 10 सामन्यांत सुरुवात केली. त्या हंगामाचा ईआरए 5.51. वाईटच. पण ज्या कटरवर त्याने कारकीर्द उभी केली, तो त्याला 1997 मध्ये सापडला. 10 सामन्यांवरून, तेही त्या चेंडूविना, पुढच्या 18 वर्षांचा निकाल कसा लावणार?

हे सगळं मान्य करूनही संघ बांधायला बसलो तर मी पेड्रो मार्टिनेझला आधी घेईन. 2,827 इनिंग टाकून 154 चा ईआरए प्लस राखणारा स्टार्टर संघाला रिव्हेरापेक्षा जास्त सामने जिंकून देतो. दावा करणाऱ्यांनी एवढंच म्हटलं असतं तर माझी काही हरकत नव्हती.